त्या काळात कुणाला चालायचं?

मागच्या महिन्यात एका शनिवारी रात्री मी माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीला 'सिक्स्टीन कँडल्स' दाखवायला बसले. 1984 चा सिनेमा. जॉन ह्यूजने लिहिलेला, आणि दिग्दर्शक म्हणून त्याचा पहिलाच. आम्ही शिकागोच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो आणि याचं शूटिंग इथेच आसपास झालंय, इव्हॅन्स्टन, स्कोकी, हायलंड पार्क, म्हणजे रोजचे आमचे रस्ते. मी 2001 साली नवीनच इथे आले होते तेव्हा ऑफिसातल्या एका बाईने सांगितलं की इथली माणसं समजून घ्यायची असतील तर हे सिनेमे बघ, तेव्हा मी गावातल्या लायब्ररीतून एकेक करून सगळे आणले होते. त्यातला हा मला सगळ्यात जवळचा वाटला, आणि का वाटला ते सांगायला फार विचार करावा लागत नाही.

सॅमँथाला सोळा वर्षं पूर्ण होतायत. दुसऱ्या दिवशी तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न आहे. दोन्हीकडचे आजी-आजोबा येऊन धडकलेत, तिची खोली पाहुण्यांना दिली गेलीय, आणि तिचा वाढदिवस घरातल्या एकालाही आठवत नाही. लग्नघरात धाकटीचं काय होतं ते आपल्या लोकांना वेगळं समजावून सांगायला नको. मॉली रिंगवाल्ड शूटिंगच्या वेळी पंधरा वर्षांची होती आणि तिच्या चेहऱ्यावर ते सगळं दिसतं, राग, लाज, कुणीतरी आपल्याकडे बघावं ही धडपड. ह्यूजने तिचा फोटो टेबलासमोर लावून हा सिनेमा लिहिला होता. त्या वेळच्या बाकीच्या टीनएज सिनेमांत मुली म्हणजे मुलांनी चोरून बघायची वस्तू असायच्या, इथे पहिल्यांदा कॅमेरा मुलीच्या बाजूने उभा राहिला. हे मी आजही मानते.

लेक पहिली वीस मिनिटं खूश होती. मग आजी-आजोबांकडे राहायला आलेला परदेशी विद्यार्थी दिसला, लाँग डक डाँग, आणि त्याच्या नावासरशी घंटेचा मोठा टोला पडला, ती चिनी पद्धतीची मोठी पितळी थाळी असते ना, तिचा. लेक गप्प झाली. पुढे अर्ध्या तासाने, सिनेमाचा हीरो जेक नशेत बेशुद्ध पडलेल्या आपल्या गर्लफ्रेंडला दुसऱ्या मुलाबरोबर गाडीत बसवून देतो तिथे तिने रिमोट घेतला, पॉज केलं आणि मला म्हणाली, "आई, हे कॉमेडी आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्री मी कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर हे लिहिलं तर दहा मिनिटांत तिघींचं एकच उत्तर, अगं जाऊ दे, त्या काळात हे सगळं चालायचं, आजच्या मापाने तेव्हाचं मोजू नये. तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये, कारण मला वाटतं ते खोटं आहे. नुसतं उद्धट किंवा असंवेदनशील वगैरे नाही, वस्तुस्थिती म्हणून खोटं आहे.

आधी तो प्रसंग नीट बघू, कारण ज्यांनी वीस-तीस वर्षांपूर्वी बघितलाय त्यांना तो आठवत नाही, मलाही आठवत नव्हता.

जेकच्या घरी पार्टी होऊन गेलीय, घराचा पार उकिरडा झालाय. जेक हा सिनेमाचा हीरो, सॅमँथा त्याच्यावर झुरते. तो किचनमध्ये गीक, म्हणजे शाळेत सगळे ज्याला बावळट समजतात, अशा एका मुलाशी बोलत बसलाय आणि त्याला सांगतो की आपली गर्लफ्रेंड कॅरोलाइन आत बेशुद्ध पडलीय, मनात आणलं तर मी तिच्यासोबत काहीही करू शकतो. हे तो आपण किती सज्जन आहोत आणि आता त्या मुलीचा किती कंटाळा आलाय ते सांगण्यासाठी म्हणतो. मग सौदा होतो. गीककडे सॅमँथाची अंतर्वस्त्रं आहेत, जी त्याने तिच्याकडून मागून घेतली आणि शाळेच्या बाथरूममध्ये एक डॉलर तिकीट लावून पोरांना दाखवली, ती जेकला हवीत. बदल्यात कॅरोलाइनला घेऊन जा, तिला इतकी चढलीय की तिला फरक कळणार नाही, फक्त तिला घरी नीट पोचव. जेकच्या वडिलांच्या रोल्स रॉइसमध्ये ती बसवली जाते. वाटेत गीक मित्रांकडून तिच्यासोबत फोटो काढून घेतो, पुरावा म्हणून. सकाळी दोघं गाडीत जागे होतात, काय झालं ते दोघांनाही आठवत नाही, बहुतेक झालं असावं असं ठरतं, आणि मग तो तिला विचारतो की तुला आवडलं का, तर ती म्हणते मला असं वाटतंय की आवडलं असावं. इथे थिएटर हसतं.

आता हे हसू तयार कसं केलंय बघा. कॅरोलाइनला सिनेमा सुरुवातीपासून उथळ, श्रीमंत, सुंदर आणि आगाऊ दाखवतो. पार्टीत तिचे केस दारात अडकतात आणि मैत्रिणी कात्रीने ते कापूनच टाकतात, आपण हसतो. ती लडखडते, आपण हसतो. प्रत्येक हसण्याबरोबर ती थोडी थोडी माणसातून उठते, आणि गाडीत बसवायची वेळ येते तेव्हा आपल्याला तिची काळजी वाटायची बंद झालेली असते. सकाळी तीच म्हणते की मला आवडलं असावं, म्हणजे आपली उरलीसुरली टोचणीही गेली. लेखक वाईट असता तर हे जमलं नसतं, ह्यूज फार चांगला लेखक होता म्हणून जमलंय.

तर, त्या काळात चालायचं. कुणाला चालायचं? मेरी कॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेतल्या 32 कॉलेजांमध्ये 6,159 विद्यार्थ्यांचा सर्व्हे केला, तो 1987 मध्ये छापून आला. त्यात साडेसत्तावीस टक्के मुलींनी जे सांगितलं ते वयाच्या चौदाव्या वर्षानंतर कधीतरी बलात्कार किंवा बलात्काराचा प्रयत्न या कायद्याच्या व्याख्येत बसणारं होतं. बहुतेकींच्या बाबतीत तो ओळखीचाच माणूस होता. आणि ज्यांच्यावर व्याख्येप्रमाणे बलात्कार झाला होता त्यांच्यापैकी 27 टक्केच जणींनी त्याला बलात्कार म्हटलं. या कॅरोलाइनच्याच वयाच्या मुली आहेत, यातल्या कितीतरी जणी 1984 साली थिएटरमध्ये हा सिनेमा बघायला बसल्या असतील. त्यांना चालत होतं का? त्यांच्याकडे त्या गोष्टीसाठी शब्द नव्हता, आणि समोरच्या पडद्यावर त्यांना शब्द म्हणून मिळाला तो हा, की आवडलं असावं.

म्हणजे "त्या काळात चालायचं" म्हणताना आपण काळ म्हणून मोजतो फक्त हसणाऱ्यांना. जे हसत नव्हते तेही त्याच काळात जगत होते ना.

हे बोलायला मला कुठून धीर आला तर खुद्द रिंगवाल्डकडून. 2018 मध्ये, मी टूची लाट आल्यावर, तिने न्यूयॉर्कर मासिकात एक मोठा लेख लिहिला, मुलीबरोबर आपले जुने सिनेमे बघताना काय वाटलं इथपासून सुरू होणारा. फार प्रामाणिक लेख आहे. ह्यूजबद्दल तिला माया आहे, दोघांचा वाढदिवसही एकाच तारखेला, 18 फेब्रुवारीला, आणि 2009 मध्ये तो गेला त्यामुळे त्याला विचारण्याची सोय राहिलेली नाही. या सिनेमांनी आम्हाला जगवलं असं सांगणारी माणसं तिला आजही भेटतात तेही ती लिहिते. आणि तरीही कॅरोलाइनच्या प्रसंगाकडे ती सरळ बघते. पण माझ्यासाठी त्या लेखातली सगळ्यात मोलाची गोष्ट दुसरीच आहे. पुढच्या सिनेमाच्या, 'द ब्रेकफास्ट क्लब'च्या स्क्रिप्टमध्ये एक सीन घातला गेला होता, शाळेच्या पूलमध्ये एक शिक्षिका कपड्यांशिवाय पोहतेय आणि एक मास्तर ते चोरून बघतोय. सोळा वर्षांच्या रिंगवाल्डने ह्यूजला सांगितलं की हा सीन काढ, आणि त्याने काढला.

1984 सालची गोष्ट आहे ही. त्याच काळातली. एका सोळा वर्षांच्या मुलीला तेव्हाच कळत होतं की यात काय चुकतंय, तिने सांगितल्यावर दिग्दर्शकालाही कळलं, आणि सिनेमाचं काही बिघडलं नाही, तो आजही लोक डोक्यावर घेतात. मग काळाच्या माथ्यावर काय मारायचं? एका मुलीने तोंड उघडलं आणि तिचं ऐकलं गेलं, हा सगळा फरक आहे.

आता त्या घंटेकडे येते, जी मला जास्त लागलीय.

डाँगचं काम केलंय गेडी वाटानाबेने. तो यूटामधल्या ऑग्डेनचा, जपानी वंशाचा अमेरिकन, इंग्लिश त्याची इथल्या कुणाही गोऱ्या माणसासारखी. ब्रॉडवेवर काम केलेला चांगला नट. ऑडिशनला तो एका कोरियन मित्राचा हेल उसना घेऊन गेला आणि तसाच बोलत राहिला. नाव धड कुठल्याच भाषेतलं नाही, नट जपानी, हेल कोरियन, आणि सिनेमातली माणसं त्याला चिनी म्हणतात. इतकं सगळं एकत्र कालवता येतं याचाच अर्थ तिथे कुणाला फरक पडत नव्हता. नंतर त्याने स्वतःच सांगितलंय की लोकांना हसवतोय एवढंच त्याला दिसत होतं, त्याचा कुणावर काय परिणाम होईल ते तेव्हा कळलं नाही. मी त्याला दोष देणार नाही. त्या काळी आशियाई चेहऱ्याच्या नटाला दुसरं काय काम मिळत होतं?

यावेळी मी जेवणाचा सीन दोनदा बघितला. डाँग सगळ्यांना हसून सांगतोय की आजी-आजोबांकडे राहायला मला आवडतं, आईवडिलांना पत्रं लिहायला आवडतं, लॉनवर मशीन फिरवायला आवडतं म्हणजे आजोबांच्या हर्नियाला त्रास होत नाही. हर्निया शब्द तो चुकीचा म्हणतो, तो विनोद. पण बाकीचं ऐका ना. परक्याच्या घरी राहणारा पोरगा, आईवडील हजारो मैलांवर, यजमानांचं गवत कापतोय आणि वर मला हे फार आवडतं म्हणून सांगतोय, पुढ्यात आलेल्या जेवणाचं कौतुक करतोय. हे हसू मला माहितीये. पहिल्या वर्षी ऑफिसच्या लंचला मी हेच हसू घेऊन बसायचे, कळलं नाही तरी मान डोलवायची, सगळं छान आहे म्हणायचं. त्या पोराच्या मनात काय चाललंय ते सिनेमाला एकदाही विचारावंसं वाटत नाही. सॅमँथाचं दुःख काय, तर घरात असून कुणी आपल्याकडे बघत नाही. तेच दुःख घेऊन एक मुलगा त्याच टेबलावर बसलाय आणि ज्या लेखकाला तिचं दिसलं त्याला याचं दिसलं नाही.

आणि काळाचंच म्हणाल तर तोही बघू. जून 1982, डेट्रॉइट. व्हिन्सेंट चिन नावाचा 27 वर्षांचा मुलगा, चिनी वंशाचा अमेरिकन, लग्न काही दिवसांवर, मित्रांबरोबर बाहेर गेला होता. मोटार कंपन्यांमध्ये नोकऱ्या जात होत्या, जपानी गाड्यांवर राग होता, तो दोन गोऱ्या माणसांनी याच्यावर काढला, बेसबॉलच्या बॅटने. चार दिवसांनी तो गेला. मार्च 1983 मध्ये न्यायाधीशाने त्या दोघांना तीन वर्षांचं प्रोबेशन आणि 3,000 डॉलर दंड एवढीच शिक्षा दिली, तुरुंग नाहीच. त्याची आई लिली चिन त्यानंतर गावोगाव फिरून बोलत होती, त्या वसंतात डेट्रॉइटमध्ये मोर्चे निघाले. आणि त्याच उन्हाळ्यात, डेट्रॉइटपासून गाडीने चार-पाच तासांवर, या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. नंतर एडिटिंगच्या टेबलावर कुणीतरी ठरवलं की हा पोरगा पडद्यावर आला की घंटा वाजवायची. लिली चिन पण त्याच काळातली होती.

सिनेमाने खून होत नाहीत, मी असलं काही म्हणत नाहीये. पण घंटा पडद्यावरून शाळेत येते. आशियाई चेहऱ्याच्या किती मुलांना पुढची कित्येक वर्षं शाळेत 'डाँगर' म्हणून हाका मारल्या गेल्या ते त्यांनी मोठेपणी लिहून-बोलून ठेवलंय. आपल्या मुलांच्या वाट्याला अपू आला, 'सिम्प्सन्स'मधला दुकानदार, त्याचा आवाज गोरा नट हँक अझारिया काढायचा, 2020 साली त्याने ते थांबवलं. माझी लेक चौथीत असताना वर्गातला एक मुलगा रोज तिचं नाव त्या हेलात म्हणायचा. वर्ष संपेपर्यंत तिने मला काही सांगितलं नाही, फक्त मला शाळेत न्यायला येऊ नकोस, बाबाला पाठव एवढंच म्हणायची. माझा इंग्लिशचा हेल मराठी आहे म्हणून. हे मला दोन वर्षांनी कळलं. शाळेला नंतर सांगितलं तर मुलांची चेष्टामस्करी आहे असं उत्तर आलं.

आणि 2001 साली तो सिनेमा बघताना मी घंटेला हसले होते. मला चांगलं आठवतंय. तेव्हा मला वाटत होतं तो दुसरा कुणीतरी आहे. आपणही घरात वर्षानुवर्षं 'पडोसन'मधल्या मद्रासी मास्तरला हसत आलोय, मेहमूदने ते केलंय फार भारी, पण चेन्नईच्या पोराला मुंबईच्या शाळेत त्याचं काय झालं असेल हा विचार मी तरी कधी केला नव्हता. हसणाऱ्याला हे दिसत नाही, ज्याच्यावर हसतात त्यालाच दिसतं. म्हणून कुठल्याही जुन्या सिनेमाबद्दल बोलायची वेळ आली की आधी त्याला विचारायला पाहिजे.

मग काय, सिनेमा काढून टाकायचा? कापायचा? नाही, आणि याबाबत माझं मत पक्कं आहे. कॅरोलाइनचा सीन कापला, घंटा पुसली तर आपल्या मुलांसमोर एक असं 1984 येईल जे कधी नव्हतंच, गोड, निरागस, केकवर सोळा मेणबत्त्या लावलेलं. मग त्यांनी का विश्वास ठेवावा की तेव्हाच्या मुलींना हे सोसावं लागलं? पुरावाच नाहीसा केला तर सुटका कुणाची होते, जे हसले त्यांचीच ना. आणि सिनेमात जे चांगलं आहे तेही जाईल. रात्री सगळं घर झोपल्यावर सॅमँथाचे वडील खाली येतात, त्यांना अचानक आठवलेलं असतं, ते तिच्याजवळ बसतात, माफी मागतात, आणि कुणावर जीव जडणं का दुखतं त्याबद्दल अगदी साधं काहीतरी बोलतात. पॉल डूलीने तो सीन इतका हळू आवाजात केलाय की माझ्या लेकीने तो मागे नेऊन परत लावला. हा सीन आणि रोल्स रॉइसचा सीन एकाच माणसाने लिहिलाय. हे दोन्ही खरं आहे हे पंधरा वर्षांच्या मुलीला कळू शकतं. आपल्यालाच ते सांगायचा कंटाळा येतो.

सिनेमाच्या आधी दोन ओळींची पाटी टाकतात, यात कालबाह्य चित्रण आहे वगैरे, डिझ्नीने 2019 मध्ये जुन्या कार्टूनपटांना अशी पाटी लावली होती, तीही मला अपुरी वाटते. 'कालबाह्य' हा शब्दच परत तेच म्हणतो, त्या काळात चालायचं. त्यापेक्षा एचबीओ मॅक्सने 2020 मध्ये गुलामगिरी गोड करून दाखवणारा 'गॉन विथ द विंड' थोडे दिवस काढून परत आणला तेव्हा जे केलं ते जास्त शहाणपणाचं होतं, सिनेमा एक फ्रेमही न कापता ठेवला आणि आधी जॅकलिन स्ट्यूअर्ट या शिकागोच्या सिनेमाच्या प्राध्यापक बाईंना बोलायला बसवलं. 'सिक्स्टीन कँडल्स'च्या आधी तसंच वाटानाबेला पाच मिनिटं बोलू द्या, कॅरोलाइन केलेल्या हॅविलंड मॉरिसला बोलू द्या, पाटीपेक्षा ते कितीतरी खरं होईल.

रेटिंगचं तर बोलायलाच नको. या सिनेमात शॉवरखालच्या मुलीचा उघडा शॉट आहे, वर सांगितलेलं सगळं आहे, आणि त्याला पीजी मिळालं होतं, म्हणजे आईबाबांनी जरा लक्ष ठेवा एवढंच. तेराच्या आतल्यांसाठी वेगळं रेटिंग त्यानंतर दोन महिन्यांनी, 1 जुलै 1984 ला आलं. ते रेटिंगवालेही शिव्या मोजतात, उघडं अंग मोजतात. विनोद कुणाच्या जिवावर केलाय ते कुणी मोजत नाही, ते घरात सोफ्यावर बसूनच मोजावं लागतं.

मैत्रिणींचं दुसरं म्हणणं असं की आजच्या पोरांना काही एंजॉय करता येत नाही, सारखं चुका काढत बसतात. मला उलटं दिसतं. 2018 चा नेटफ्लिक्सचा 'टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर' बघा, त्यातली हीरोइन अर्धी कोरियन आहे आणि ती बॉयफ्रेंडला आणि धाकट्या बहिणीला घेऊन हाच 'सिक्स्टीन कँडल्स' बघते. तो विचारतो हे डाँगचं पात्र जरा रेसिस्ट नाही का, तर तिकडून उत्तर येतं, जरा नाही, प्रचंड. मग तरी तुला हा सिनेमा आवडतो? हो, जेक रायनमुळे! या पोरांना दोन्ही एकत्र धरता येतं. आमच्या पिढीला एकतर सगळं कवटाळायचं असतं नाहीतर सगळं फेकून द्यायचं असतं, आणि सोडायचं जिवावर येतं म्हणून मग काळाची सबब पुढे करायची.

त्या रात्री आम्ही सिनेमा अर्ध्यावर बंद केला होता. पुढच्या शनिवारी तिनेच लावला, म्हणाली शेवट बघू. शेवटी चर्चबाहेर लाल पोर्शेला टेकून जेक उभा राहतो, मग काचेच्या टेबलावर केक मधे ठेवून दोघं बसतात, तेव्हा ती हसत होती, मीही. नावं वर सरकायला लागल्यावर तिने मला विचारलं की कॅरोलाइन घरी गेल्यावर तिने आईला काय सांगितलं असेल. मी म्हटलं बहुतेक काहीच नाही. ती जरा वेळ गप्प बसली, मग तिने मला चौथीतल्या त्या मुलाचं नाव सांगितलं, जे तोपर्यंत तिने कधीच सांगितलं नव्हतं.